दुतोंड्या मारुती आणि माझी बाटली

मंडळी, आधीच सांगते, मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी विभागासाठी लेख देतेय म्हटल्यावर रूममेट हसत सुटली आणि विषय ऐकल्यावर तर कॉटवरून पडायचीच बाकी होती. विषय आहे लघवीचा. हो, तोच! ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी सरळ पुढच्या पानावरच्या कविता वाचाव्यात.

मला ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’ आहे. शुद्ध मराठीत अतिक्रियाशील मूत्राशय. तेवढा शब्द उच्चारेपर्यंत माझी पळायची वेळ होते! आपल्या भाषेत सांगायचं तर टाकीतला लेव्हल स्विच बिघडलाय. टाकी पाव भरली की तो ‘फुल’ म्हणून बोंब मारतो, आणि मूत्राशयाचा स्नायू नको तेव्हा आकुंचन पावतो. मग थांबणं वगैरे नाही. जिना, कॉरिडॉर, धावत सुटायचं.

शाळेत दर तासाला हात वर करणारी मुलगी म्हणून मी प्रसिद्ध होतेच. पण खरी फजिती झाली सेकंड इयरच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला. चाकणला जायचं होतं. माझ्यामुळे बस तीनदा थांबली. तिसऱ्यांदा तर संगमनेरच्या पुढे, उघड्या रस्त्यावर, उसाच्या कडेला. परत चढले तेव्हा मागच्या सीटवरून एक मुलगी म्हणाली, “अजून किती गं?” सगळी बस हसली. मीही हसले. दुसरं काय करणार?

त्या दिवसापासून मी पाणीच सोडलं. बायकांचा हा जुनाच उपाय. माझी आई एसटीने जायचं असलं की सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही. प्रवासात बायकांना जायला जागा नसते म्हणून मुंबईत महिला संस्थांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ नावाची चळवळ सुरू केली, हे मला फार नंतर कळलं. मी आपली हॉस्टेलला परतेपर्यंत कोरडी. वर जागं राहायला चार कटिंग! एप्रिलमध्ये वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले ती बसलेच. सलाईन लागलं. लघवीला इन्फेक्शन झालं होतं ते वेगळंच.

इन्फेक्शन बरं झालं, शुगर वगैरे तपासून झाली, तरी घाई होतीच. तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, आणि घाई उलट वाढते. म्हणजे वर्षभर मी आगीत तेल ओतत होते! त्यांनी तीन दिवस डायरी लिहायला सांगितली. किती प्यायले, किती वाजता, किती लघवी झाली, सगळं मोजून. मेन रोडवरून प्लॅस्टिकचं मापाचं भांडं आणलं. (केमिस्ट्री लॅबचा बीकर नाही वापरला, लॅब असिस्टंट काकांनी निश्चिंत राहावं.) दिवसाला चौदा वेळा, आणि बहुतेक वेळा १०० मिली! साधारण मूत्राशयात ४०० मिली सहज मावतं. म्हणजे बहुतेक सगळे खोटे अलार्म. आणखी एक गंमत कळली. मला वाटायचं मिसळ बाधते. मिसळ निर्दोष सुटली, चहा सापडला. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायची म्हणजे जीवावरच आलं असतं!

नाशिककरांना पाणी मोजायला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, यावरून अख्खं गाव पुराचा अंदाज घेतं. गंगापूर धरणाचं पाणीसुद्धा टप्प्याटप्प्यानेच सोडतात. माझ्या एक लिटरच्या बाटलीवर रूममेटने मार्करने दोन तोंडांचा मारुती काढून दिला. सकाळी दहाला पाणी गळ्याशी, बाराला छातीशी, दोनला कमरेशी, चारला पायाशी. मग सातपर्यंत अर्धी बाटली. चहा-ताक धरून दिवसाचं पावणेदोन लिटरच्या आसपास. एकदम गटागटा नाही. सातनंतर फक्त घोट, म्हणजे रात्री तीनदा उठावं लागत नाही. चहा एकच, सकाळचा. (हा हिशेब माझा. तुमचा तुमच्या डॉक्टरांना विचारा.) गोळीही आहे, पण तिने तोंडाला कोरड पडते, म्हणून आणखी पाणी प्यावंसं वाटतं. हा विनोद कोणी केला कोण जाणे! मी चूळ भरते.

घाई आली की आता धावायचं नाही. उभं राहायचं, खालचे स्नायू पाच-सहा वेळा आवळायचे, मनात सतराचा पाढा म्हणायचा. लाट ओसरते, मग चालत जायचं. दोन वेळांमधलं अंतर पाऊण तासापासून सुरू केलं, जमेल तसं पंधरा-पंधरा मिनिटं वाढवलं. तीन महिन्यांनी दोन तासांवर आलंय. परीक्षेत मात्र सगळं मुसळ केरात. सुपरव्हिजनला येणाऱ्या सर-मॅडमना एकच विनंती : “आत्ताच जाऊन आलीस ना?” असं वर्गासमोर विचारू नका. जाऊन आलेली असतेच, तरी जायचं असतं.

यंदा परत चाकणची व्हिजिट होती. जायचंच नाही, असं ठरवलं होतं. शेवटी आदल्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ड्रायव्हरकाकांना दोन थांबे लिहूनच दिले, संगमनेर आणि नारायणगाव. नारायणगावला मी उतरले, मागे वळून पाहिलं तर अकरा मुली रांगेत! त्यांत “अजून किती गं?” वालीही होती. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता म्हणे तिने. ओठ पांढरे पडले होते. मी बाटली पुढे केली.

“ह्या मारुतीच्या रेघा कसल्या गं?”

बस सुटायला वेळ होता. सांगत बसले.