सुन्न हाताची कळ

अब्बांना लकवा होऊन दोन वर्षे झाली. डावा हात सुन्न आहे, पण खांदा रात्रभर ठणकतो. तारापुरात भेटीला येणारे विचारतात, "स्पर्श कळत नाही, मग दुखेल कसे?" दुखते. इजा मेंदूतली असते. १९०६ सालीच पॅरिसच्या देजेरिन आणि रुसी या डॉक्टरांनी अशा वेदनेचे वर्णन केले होते. वुजूचे थंड पाणी अब्बांना चटक्यासारखे लागते. गरम पाणी किती गरम, हे मात्र कळतच नाही. म्हणून पाणी आधी आम्ही हात घालून पाहतो.

शिवाय स्नायू ढिले पडल्याने हाताच्या वजनानेच खांदा खाली उतरतो. बसवले की हाताखाली उशी देतो. दंड धरून उठवणे आमच्या घरात बंद आहे. ईदला प्रेमाने दोन्ही हात ओढून मुसाफा करणाऱ्यांना दारातच सांगतो: फक्त उजवा.