शिकागोतलं एक ‘हाउस’

शिकागोला आलात की मिशिगन लेक, उंच इमारती हे सगळं पाहाच. पण २०६ साउथ जेफर्सन स्ट्रीटवरची तीन मजली जुनी इमारतही जरूर पाहा. १९७७ मध्ये इथे ‘वेअरहाउस’ क्लब सुरू झाला. न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स रेकॉर्ड्स वाजवायचा. इतरत्र थारा नसलेली कृष्णवर्णीय, लॅटिनो समलिंगी मुलं इथे पहाटेपर्यंत नाचायची. ‘हाउस’ संगीताला नाव मिळालं ते या क्लबवरून. ऐंशीच्या दशकात आमच्या मुलांच्या रेडिओवरही तोच ठेका धपधपायचा, आणि आम्ही खालून ओरडायचो, "आवाज कमी करा रे!" २०२३ साली शहराने या इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवणाऱ्या आपल्याला, चार भिंतींचं मोल वेगळं सांगायला नको!