खोटी जर

मराठीचा प्राध्यापक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक गृहस्थ उभा राहतो. खांद्याला शबनम, कपाटात ज्ञानेश्वरी, आणि दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून नाट्यसंगीताच्या मैफलीत पहिल्या रांगेत डोलणारा. गेली अठरा वर्षे मी साताऱ्यात मराठी शिकवतो आहे. पण या गृहस्थाशी माझे पुरते जमलेले नाही. शबनम आहे, ज्ञानेश्वरीही आहे. मात्र दिवाळी आठवड्यावर आली आणि माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरली, की आमच्या घरातून जे सूर बाहेर पडतात ते ऐकून शेजारचे निवृत्त मामलेदार खिडकी लावून घेतात. भांडी घासताना मला अलिशा चिनॉय लागते. कंदिलाच्या काड्या बांधताना उषा उत्थुप लागते. आणि कंदील वर चढून त्यात दिवा लागला, की दलेर मेहंदीवाचून तो क्षण साजरा झाल्यासारखा मला वाटतच नाही.

थोडक्यात सांगायचे तर मला भडक गोष्टी आवडतात. उषाबाईंची कांजीवरम साडी, कपाळावरची ती मोठी टिकली आणि त्या साजशृंगारातून अचानक निघणारा तो घोगरा, भारदस्त आवाज! 1998 साली दलेर मेहंदी एकाच पडद्यावर चार रंगांच्या पोशाखांत चार जण होऊन नाचला, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावला होता. मी मात्र मनात म्हटले, एका माणसाचे एकावर भागत नसेल तर त्याने चार का होऊ नये?

या वेडाचा मूळ मुहूर्त जरा आधीचा, 1994 ते 1996 या सालांचा. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागे. देवकीनंदन खत्रींची जुनी हिंदी कादंबरी नीरजा गुलेरी यांनी पडद्यावर आणली होती. तिच्यातला तो क्रूरसिंह, त्याच्या त्या कपाळभर पसरलेल्या भुवया आणि बोलता बोलता मध्येच 'यक्कू' म्हणण्याची त्याची तऱ्हा आमच्या पिढीतल्या कोणाला आठवणार नाही? वर्गातली इतर मुले तलवारबाजीसाठी मालिका पाहत. माझा जीव अडकला होता तो अय्यारांत. बटव्यातून चार वस्तू काढायच्या आणि क्षणात दुसरेच कोणी व्हायचे, ही त्यांची विद्या. चौदा वर्षांच्या मला ती विद्या फार ओळखीची वाटे. का, ते त्या वेळी सांगता आले नसते.

सांगलीच्या आमच्या घरात या रविवारच्या कार्यक्रमाला माझा एकच सोबती होता, तो म्हणजे माझी आजी. पंचाहत्तरी ओलांडलेली ती बाई चष्मा पुसून पडद्यासमोर बसे आणि राजकन्येचे कपडे न्याहाळून निकाल देई, "जर खोटी आहे रे. नारायणरावांची खरी असायची." पुढे 1995 साली अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' आले. राजवाड्यात बसून एकेक पुरुष नापसंत करणारी ती राणी, आणि शेवटी लाकडी पेटीतून निघणारा मिलिंद सोमण! अप्पा वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेले. आजी मात्र शेवटपर्यंत पाहून म्हणाली, "हे तर स्वयंवरच की! वर चांगला आहे हो." तिच्या या मताशी मी किती सहमत होतो, हे मी तिला सांगितले नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही पोरवयातली आवड. चाळिशी उलटलेल्या माणसाने ती दिवाळीच्या अंकात कशाला मांडावी? तर त्याचे कारण एका परदेशी बाईने आधीच लिहून ठेवले आहे. सूझन सॉन्टॅग या अमेरिकन विदुषीने 1964 साली या तऱ्हेच्या आवडीवर टिपणवजा निबंध लिहिला आणि 'कॅम्प' हे तिचे नाव विद्वानांच्या तोंडी बसवले. अतिरेक, नटवेपणा आणि थाटमाट यांवर मनापासून जीव टाकणारी ही रसिकता. समलिंगी पुरुषांशी तिचा जवळचा संबंध असल्याचेही बाईंनी नोंदवले आहे. एम. ए.च्या वर्षी ग्रंथालयात ते वाचले तेव्हा माझी कुंडली कुणीतरी सातासमुद्रापलीकडे मांडून ठेवल्यासारखे मला वाटले. कारण मी समलिंगी आहे. हे वाक्य फराळाच्या ताटाशेजारी वाचावे लागले म्हणून दचकू नका. हातातली चकली खाली ठेवण्याचे काही कारण नाही.

हे सारे परदेशी खूळ आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगलीला घेऊन जातो. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला. म्हणजे आरंभच स्वयंवराने झाला. आजीचा शेरा काही अगदीच अप्रस्तुत नव्हता. त्या नाटकात सीतेचे काम अर्थातच पुरुषाने केले होते. दर वर्षी 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. तो बहुधा दिवाळीच्या मागेपुढे येतो. 2021 साली तर बरोबर पाडव्यालाच आला होता. विष्णुदास भावे नाट्यमंदिराच्या वाटेवर उंची साड्या नेसलेल्या बायका आणि अत्तर लावलेले पुरुष दिसले, की माझ्या गावाचा मला अभिमान वाटतो. पुरुषाने नेसलेल्या साडीपुढे नारळ फोडून आमच्या गावाने आपल्या कलेचा आरंभ केला!

आणि आजीचे नारायणराव म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्यांचे मूळ गाव नागठाणे, आमच्याच जिल्ह्यातले. 1905 साली शेजारच्या मिरजेत ते शकुंतला होऊन रंगमंचावर आले आणि पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्र त्यांच्या पदराआड नांदला. खरे शालू, खरे दागिने, नाट्यगृहात अत्तराचा दरवळ. आणि या हौसेपायी गंधर्व मंडळी कर्जात बुडाली तरी हौस उणी झाली नाही. त्यांची नथ, त्यांचा अंबाडा, त्यांची साडी नेसण्याची ढब घरंदाज बायका आरशापुढे गिरवीत. आजीने त्यांना पाहिले तेव्हा त्यांची चाळिशी उलटलेली, अंग सुटलेले. "तरी ते आले ना," ती सांगे, "की आम्ही बायकाच आपापले पदर सारखे करायचो." नारायणराव संसारी गृहस्थ होते; त्यांना माझ्या पंगतीत ओढून बसवण्याचा माझा मुळीच विचार नाही. मला सांगायचे आहे ते प्रेक्षकांविषयी. अप्पा बालगंधर्वांच्या तबकड्या सोवळ्यात असल्यासारख्या हाताळीत. अलिशा लागली की तेच अप्पा आतल्या खोलीत जात. पण तबकडीतला थाट आणि पडद्यावरचा थाट ही मला सख्खी भावंडे वाटत. एकाची जर खरी आणि एकाची खोटी, एवढाच काय तो फरक.

आपण रंगमंचावर जो नखरा डोक्यावर घेतो, तो घरात मात्र आपल्याला सोसत नाही. मी आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचात भाग घेतला. तालमीत एका मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "मुलीसारखा हात वळवू नकोस." मी हात वळवायचे थांबवले. नुसत्या नाचातले नव्हे. बोलतानाचे, चालतानाचे, पाणी पितानाचे. अय्यारांची विद्या मला का ओळखीची वाटे, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. सोमवार ते शनिवार मी वेशांतर करून हिंडे. रविवारी सकाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत, आजीच्या शेजारी बसून, तो वेश तेवढा उतरवीत असे.

तमाशातल्या नाच्याची कथा याहून कठोर आहे. गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत तो इतका हुबेहूब उभा केला की नुसत्या त्यांच्या येण्याने चित्रपटगृहात हशा पिकत असे. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरून 2010 साली चित्रपट आला. नाच्याची भूमिका पत्करणाऱ्या एका रांगड्या पैलवानाची गावाने केलेली विटंबना त्यात होती. तो चित्रपट आमच्या वर्गातल्या मुलांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नेहमीचा गोंगाट नव्हता. हसणाऱ्यांना रंगाखालचा माणूस दिसला, की क्षणभर का होईना, हसू थांबते. रंग पुसून तो माणूस घरी आला, तर त्याच्यासाठी पाट मांडायचा की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

माझ्याबाबतीत हा प्रश्न आईपुढे आला. साताऱ्यात मी एकटा राहत नाही. सरकारी नोकरीतला एक गृहस्थ गेली बारा वर्षे माझ्याबरोबर राहतो. गाव आम्हाला दोन सडेफटिंग समजते. तो माझ्या अगदी उलट. त्याला गडकिल्ल्यांचे वेड. गाण्यांत पोवाडा सोडून काही कळत नाही. आणि अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे चढून येण्यात काय आनंद असतो, ते त्याला मला आजवर समजावता आलेले नाही. दर दिवाळीला मी कंदी पेढे घेऊन एकटाच एस. टी.त बसे आणि कऱ्हाड ओलांडून सांगलीला जाई. तो मागे राहून अंगणात एकट्यासाठी किल्ला करी.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ माणसांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम 377 चा भाग रद्द केला. त्या दिवाळीत, करंज्या करताना, मी आईला सगळे सांगितले. अप्पा आणि आजी तोवर गेले होते. आई ऐकत होती. मग म्हणाली, "कड नीट मुरड. तेलात सुटली तर सगळं तेल खराब होईल." त्यानंतर नऊ महिने त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. रस्ते बंद, फोन लागला तर लागला. पाणी उतरल्यावर आम्ही दोघे सांगलीत पोचलो, तेव्हा खालच्या मजल्यावर खिडकीपर्यंत गाळ होता. आईने पाणी घरात शिरण्याआधी वरच्या मजल्यावर मोजक्याच वस्तू हलवल्या होत्या: देव, घराची कागदपत्रे, आजीचा शालू, आणि माझ्या पलंगाखालचा कॅसेटींचा पत्र्याचा डबा. तो डबा चांगलाच जड. बाहत्तर वर्षांची बाई तो घेऊन जिन्यात दोनदा तरी टेकली असणार. अप्पांच्या दासबोधाला पाणी लागले होते. अलिशा कोरडी होती. मी काही विचारण्याआधीच आई म्हणाली, "हाताला लागला म्हणून उचलला." मग माझ्या मागे फावडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून म्हणाली, "तुम्ही चहा घेता ना?"

त्या वर्षीच्या दिवाळीआधी तिचा फोन आला. "फराळ दोघांचा करते. त्याला काय आवडतं?" मधल्या दोन महिन्यांत 'तुम्ही'चा 'तो' झाला होता.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. पाहुण्यांशी त्याची ओळख करून देताना आई 'हा याचा मित्र' म्हणते आणि त्या शब्दाआधी किंचित थांबते. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात आमच्यासारख्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्या दिवाळीच्या पाडव्याला आम्ही दोघे पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आत शेजारच्या सुनेची नवऱ्याला ओवाळण्याची लगबग ऐकू येत होती. पाडव्याला आमच्यासारख्यांनी काय करायचे, हे कोणत्याच पंचांगात दिलेले नाही. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला ताई आली. तिने मला ओवाळले आणि ताम्हन खाली न ठेवता त्याच्याकडे वळली. त्यानेही मुकाट्याने पाटावर बसून ओवाळणी घातली. नात्यांचा हिशेब त्यामुळे पार चुकला. पण चार माणसांच्या त्या खोलीत तो कुणीही दुरुस्त करायला गेले नाही. संध्याकाळी भाच्यांनी टीव्हीवर काय लावायचे म्हणून वाद घातला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामाचं ते स्वयंवराचं लावा."

यंदाचीही तयारी सुरू आहे. साताऱ्याहून दोन किलो कंदी पेढे आणायला सांगितले आहेत. आणि त्याला निक्षून निरोप आहे, की किल्ला एवढा मोठा करू नकोस, दारात रांगोळीला जागा राहत नाही.