वाघ दिसला का?

ताडोबाहून आलेल्या माणसाला सगळे एकच प्रश्न विचारतात. वाघ दिसला का? जंगल कसं होतं, मोह पडायला लागला होता का, तलावात पाणी किती उरलंय, हे कुणी विचारत नाही. 'दिसला' म्हटलं की पाठोपाठ दुसरी मागणी, 'मग फोटो दाखव की!' आमच्या नात्यातल्या मंडळींनीही गेल्या एप्रिलपासून माझ्यामागे हाच लकडा लावला आहे. फोटो आहे, चांगला आहे. पण तो दाखवण्याआधी थोडं सांगायचं आहे. मास्तरीण असल्यामुळे थोडं म्हणजे किती, ते तुम्ही जाणताच.

चंद्रपूर जिल्ह्यात मी एकतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि पुढे १९९५ च्या सुमारास दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, हे मी फळ्यावर लिहून पाठ करून घेत असे. पण वर्गातल्या निम्म्या मुलांसाठी वाघ म्हणजे संध्याकाळी गोठ्याचं दार नीट लावायचं कारण होतं. त्याचा फोटो काढावा असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. फोटो लग्नाचा काढायचा, नाहीतर दहावीच्या निरोप समारंभाचा.

आता काळ बदलला. आमचे जावई फोटोग्राफीचे भारी शौकीन. त्यांची लेन्स लहान मुलाच्या मांडीएवढी जाड. कॅमेरा हलू नये म्हणून जिप्सीच्या दांडीवर ठेवायची एक कापडी पिशवी असते, ती त्यांनी माझ्याच डब्यातले तांदूळ घालून भरली. पहाटे मोहर्लीच्या गेटवर पोचलो, तर गाइड म्हणून जो मुलगा आला त्याने आधी वाकून नमस्कार केला आणि मग विचारलं, "बाई, ओळखलं का?" माझाच विद्यार्थी! भूगोलात कायम काठावर पास होणारा. आज त्या जंगलातला प्रत्येक नाला त्याला तोंडपाठ आहे.

तासाभराने चितळ ओरडलं, मग वानर खोकलं, आणि बांबूतून एक वाघीण रस्त्यावर आली. रस्ता आपल्यासाठीच केलेला असावा अशा थाटात ती चालू लागली. मागेपुढे मिळून अकरा जिप्स्या मी मोजल्या. इथे मला एक नवी गोष्ट कळली. हौशी फोटोग्राफरला वाघ नुसता दिसून भागत नाही, तो समोरून येताना हवा असतो. डोळे कॅमेऱ्यात, एक पंजा उचललेला. या फोटोला त्यांच्यात फार मान. आणि तो मिळवायचा तर जिप्सी वाघाच्या पुढे न्यायची आणि तो चालेल तसतशी मागे मागे घ्यायची. म्हणजे ज्या वाटेने त्याला जायचंय, त्याच वाटेवर आपण उभं राहायचं.

जावई हळूच म्हणाले, "जरा पुढे घेता का?" ड्रायव्हरने गाइडकडे पाहिलं. माझा विद्यार्थी म्हणाला, "नाई साहेब. तिले पानी प्यायले जायचं हाये. बाजूनंच घ्या." दोन जिप्स्या मात्र पुढे गेल्याच. वाघीण थबकली, रस्ता सोडून उताराने खाली उतरली, आणि उतरताना तिची अख्खी डावी कूस आमच्यासमोरून गेली. जावयांना मिळाला तो हा फोटो. तोंड अर्धवट वळलेलं, डोळा दिसत नाही, पण पट्टा न् पट्टा स्पष्ट. जावई थोडे खट्टू झाले. मला मात्र तो फार आवडला.

गेटबाहेर चहा पिताना त्यांची नाराजी पाहून विद्यार्थी म्हणाला, "साहेब, मोजनीवाल्यायले असाच फोटो लागते." वनखात्याबरोबर झाडांना कॅमेरे बांधायला तो जाऊन आलेला. वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे. वाघ मधून गेला की आपोआप फोटो निघतो. दोन कशाला? तर प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, आणि त्याच वाघाची डावी बाजू उजवीसारखी नसते. तोंडाच्या फोटोचा मोजणीला तितका उपयोग नाही, कूस दिसली की ओळख पटते.

घरी आल्यावर मी याबद्दल वाचत बसले. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो काढले. त्यात वाघांचे किती? ७६,६५१. बाकी सगळी हरणं, डुकरं, गुरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत! एवढ्या पसाऱ्यातून पट्टे जुळवून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. महाराष्ट्रात त्या वर्षी ३१२ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ४४४ झाला. या मोठ्या कामासाठी कुणीही वाघाच्या वाटेत उभं राहिलं नाही. तशी ही युक्ती जुनीच. फ्रेडरिक चॅम्पियन नावाचा एक इंग्रज वनाधिकारी १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार बांधून ठेवत असे. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेरा उघडायचा आणि प्रकाश पडायचा. जवळचे लोक बंदुकीने वाघ मारत होते, त्या काळात हा माणूस वाघाकडूनच वाघाचा फोटो काढून घेत होता.

आणि आपण आज काय करतो? ३१ डिसेंबर २०२४ ची गोष्ट तुम्हीही वाचली असेल. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्हीकडून सफारीच्या गाड्यांनी अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि ड्रायव्हरांवर कारवाई झाली. योग्यच झालं. पण मी शिक्षिका, मला वर्ग दिसतो. वर्गात दंगा झाला की पहिल्या बाकावरची दोन मुलं उभी केली जातात, चिथावणारे मागे बसून असतात. 'अजून पुढे घे', 'काल त्यांना तर अगदी जवळून दिसला', हे म्हणणारे आपण कुठल्या बाकावर असतो?

ताडोबाची माया वाघीण तर बहुधा देशातल्या सगळ्यात जास्त फोटो निघालेल्या वाघिणींपैकी एक. पांढरपौनीच्या बाजूला तिला पाहायला रांग लागायची. कॅलेंडरवर, टीशर्टवर, सगळीकडे ती. त्याच मायाने २० नोव्हेंबर २०२१ रोजी स्वाती ढुमणे या वनरक्षक बाईंचा बळी घेतला. त्या गणनेच्या कामासाठी मजुरांबरोबर पायी चालल्या होत्या. वाटेवर वाघीण बसलेली दिसली म्हणून थांबल्या, बराच वेळ वाट पाहिली, मग वळसा घालून आतून निघाल्या, तिथे घात झाला. नियमाप्रमाणे वागूनही गेल्या. २०२३ च्या पावसाळ्यानंतर माया दिसेनाशी झाली आणि सापडलेले अवशेष तिचेच असल्याचं डीएनए तपासणीत ठरलं. तेव्हा लोकांनी हळहळून तिचे फोटो पुन्हा पुन्हा एकमेकांना पाठवले. स्वातीताईंचा फोटो त्यात मला एकदाही आला नाही. मायावर माझा राग नाही, ती वाघीण आहे. पण आपलं प्रेम किती एका बाजूचं आहे, हे तेव्हा जाणवलं.

चहाच्या टपरीवर मी विद्यार्थ्याला सहज विचारलं, "आई कशी आहे रे?" तो म्हणाला, "बरी हाये. मोह वेचाले गेली." त्यांचं गाव बफरमध्ये. मोहाची फुलं रात्री गळतात, ती उजाडताना वेचावी लागतात. म्हणजे ज्या घटकेला मुलगा सहा जणांना जिप्सीत घालून 'आज दिसू दे' म्हणत जंगलात शिरतो, त्याच घटकेला त्याची आई टोपली घेऊन 'आज दिसू नको' म्हणत निघते. एकच वाघ, एकाच घरातली दोन माणसं! वाकून काम करणारं माणूस वाघाला चौपायी जनावरासारखं वाटतं, असं जाणकार सांगतात. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. मी त्याला म्हटलं, "आईला नको रे पाठवूस." तो हसला. "बाई, पर्यटक नसले का पावसाळ्यात तीन महिने मोहावरच भागते."

मग मी त्याला बक्षिसाबद्दल विचारलं. तो आधी संकोचला, मग बोलला. वाघ जवळून दिसला तर लोक खुशीने देतात, लांबून दिसला तर कमी, नाही दिसला तर काही जण वळूनही बघत नाहीत. पुढे जिप्सी घातली तर नोकरीवर गदा, न घातली तर खिशावर. त्या सकाळी "नाई साहेब" म्हणताना त्याने स्वतःच्याच पैशांवर पाणी सोडलं होतं, हे आम्हाला तेव्हा कुठे कळलं? जावयांनी त्याला काय दिलं ते मी लिहीत नाही, पण ते मला आवडलं.

म्हणून भाचे कंपनीला आणि तुम्हा सगळ्यांना माझं एक सांगणं. ताडोबाला जरूर जा, कॅमेरा घेऊन जा. मात्र जिप्सीत बसल्या बसल्या, गाडी सुरू व्हायच्या आधी, गाइड आणि ड्रायव्हरला मोठ्याने सांगा, 'वाघ दिसो न दिसो, तुमचं बक्षीस ठरलेलं आहे. गाडी तुम्हाला योग्य वाटेल तिथेच उभी करा.' एवढ्या दोन वाक्यांनी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, आणि वाघिणीला तिची वाट मिळते.

फोटो खाली लावला आहे. डोळे शोधू नका, दिसणार नाहीत. पट्टे बघा. खांद्यामागे दोन पट्टे खाली येऊन एकत्र मिळतात, मराठीतल्या 'ण'सारखे. तसे पट्टे दुसऱ्या कुठल्याही वाघाला नाहीत.