काय दिसले, ते सांगा

तान्ह्या मुलाच्या दुखण्याखुपण्यासाठी मराठीत क्रियापदांची वाण नाही. मूल किरकिरते, कुंथते, कण्हते, दचकते, दूध टाकते, टाहो फोडते. मात्र यांतील एकही शब्द मुलाचा नसतो. मोठ्यांनी बाहेरून पाहून, ऐकून ठेवलेली ही नावे आहेत. मोठा माणूस 'डोके दुखते' असे म्हणतो तेव्हा लक्षण आणि त्याचा अर्थ दोन्ही तोच सांगत असतो. तान्ह्या मुलाचे लक्षण तेवढे समोर येते. अर्थ लावण्याचे काम पाहणाऱ्यावर पडते. आणि हे पाहणारे असतात आईबाप, म्हणजे सर्वांत जवळचे आणि सर्वांत घाबरलेले वाचक. साहित्य शिकवण्यात आम्हां उभयतांची बरीच वर्षे गेली आहेत. संहिता, अर्थनिर्णय, वाचन हे शब्द आमच्या रोजच्या वापरातले. पाळण्यापाशी ते कितपत उपयोगी पडले, त्याविषयी हे टिपण.

आमच्या मुलीचे बारसे झाले आणि त्यानंतर दोनतीन दिवसांतच तिला झोपेत झटके येऊ लागले. डोळा लागला की आधी एक कोपर उडे, मग दोन्ही हात, कधी पायही. एकापाठोपाठ चारपाच झटके, क्षणभर शांतता, की पुन्हा तेच. डोळे मिटलेले, चेहरा निवांत, श्वास संथ. हात अलगद धरून ठेवला तरी आतून धक्का जाणवत राही. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की शांत करावे म्हणून पाळणा हलवला की झटके वाढत. ज्या झोक्याने जगातली सगळी मुले निजतात असे आपण मानतो, तोच झोका आमच्या मुलीच्या बाबतीत उलटा पडत होता.

घरात अर्थांना तोटा नव्हता. आजी म्हणाल्या, "सटवाई खेळवतेय तिला. उठवू नका." शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. गावाहून आलेल्या मावशींच्या मते हा वात होता आणि बाळगुटीतले वेखंड थोडे जास्त उगाळायला हवे होते. रात्री दोन वाजता मोबाइलच्या पडद्यावर तिसराच अर्थ उमटे, तो आकडीचा. यातला प्रत्येक अर्थ आपापल्या जागी पूर्ण होता. सटवाईच्या अर्थात मुलीचा निवांत चेहरा बसत होता, वाताच्या अर्थात हातापायांची उडी बसत होती आणि आकडीच्या अर्थात आमची भीती बसत होती. आम्ही दोघे तर 'फेफरे' हा शब्द उच्चारतही नव्हतो. 'मघाशी ते झालं का?', 'ते आज कमी होतं ना?' असे एक सर्वनामच आमच्या बोलण्यात उरले होते. शिवाय आमचे आपसांतही एकमत होत नव्हते. एकाला डावा हात जास्त उडताना दिसे, दुसऱ्याला दोन्ही सारखेच. एकच मूल, एकच पाळणा, दिव्याचा उजेडही तोच. आणि साक्षी दोन.

बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो तेव्हा ही सगळी अर्थसंपदा आम्ही त्यांच्यापुढे मांडू लागलो. त्यांनी शांतपणे थांबवले. "तुम्हाला काय वाटतं, ते आपण नंतर बोलू. आधी काय दिसलं, तेवढं सांगा." मग प्रश्न आले. जागेपणी एकदा तरी झाले आहे का? झटके चालू असताना तिला पुरते जागे केले तर थांबतात का? डोळे एका बाजूला वळतात का? ओठांचा रंग बदलतो का? त्यानंतर दूध नीट पिते का? काहींची उत्तरे आमच्यापाशी होती. काही गोष्टी नीट पाहायच्या होत्या. त्यांनी मोबाइलवर चित्रण करून आणायला सांगितले; त्यात मुलीला मध्येच जागे करतानाचा भागही हवा होता.

पोटच्या मुलीचे अंग झटके देत असताना तिला उचलून न घेता मोबाइल स्थिर धरून उभे राहायचे आणि मनात आकडे मोजायचे, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. आमच्यापैकी एक चित्रण करी, दुसरा वहीत लिही. किती वाजता, किती वेळ, कोणते अवयव, जागे केल्यावर काय झाले. पहिल्या पानांवर 'फार', 'भयंकर', 'नेहमीपेक्षा जास्त' असे शब्द आहेत. चौथ्यापाचव्या दिवसापासून ते गळून गेले आणि नुसत्या वेळा, संख्या आणि क्रियापदे उरली. वहीतली प्रत्येक नोंद एका गोष्टीपाशी येऊन थांबत होती: जागे केले की झटके तत्क्षणी बंद.

खात्रीसाठी ईईजीही काढला. तो निर्दोष निघाला. या प्रकाराला वैद्यकात नाव आहे, 'बिनाइन निओनेटल स्लीप मायोक्लोनस', म्हणजे नवजात बालकांना झोपेत येणारे निरुपद्रवी झटके. या नावाने त्याचे वर्णन 1982 मध्ये झाले. ही आकडी नव्हे. मूल एरवी निरोगी असते, झटके फक्त झोपेतच येतात, जाग आल्यावर थांबतात, हेलकाव्याने वाढू शकतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप नाहीसे होतात. औषध लागत नाही. पाळण्याचे कोडे असे सुटले. पण झटके मुळात का येतात, याचे पक्के उत्तर मिळाले नाही. अपरिपक्व मेंदूच्या झोपेशी त्याचा संबंध असावा, एवढेच सांगता येते.

पुढे या विषयावर वाचताना 'काश्यपसंहिते'तील वेदनाध्यायापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून हा खंडित ग्रंथ 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. ज्याला बोलता येत नाही, त्याची वेदना वैद्याने ओळखायची कशी, हा त्या अध्यायाचा प्रश्न. उत्तर म्हणून येतात त्या मुलाच्या हालचाली. डोके दुखत असेल तर मूल डोके फार हलवते, डोळे मिटून घेते; कान दुखत असेल तर हातांनी कानांना स्पर्श करते, त्याला झोप येत नाही. याच ग्रंथात बालग्रहांचे विवेचनही आहे, हे विसरता येत नाही. दैवी कारणे मानणाऱ्या त्या जगातही एक अध्याय मुलाच्या हातांकडे आणि डोळ्यांकडे इतक्या बारकाईने पाहतो.

दुसरे वाचन अधिक अवघड होते. इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या टनब्रिज येथील डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांचे एक पत्र 13 फेब्रुवारी 1841 च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पत्राचा विषय त्यांचा स्वतःचा मुलगा. चार महिन्यांचा होईपर्यंत तो सुदृढ होता. मग त्याचे डोके किंचित पुढे झुकू लागले. प्रथम ती एक लकब वाटली. हळूहळू डोके गुडघ्यांपर्यंत जाऊ लागले. एका वेळी दहावीस किंवा अधिक वेळा आणि दिवसातून अनेकदा. जळवा, अफू, पाऱ्याची औषधे, सारे करून झाले होते. प्रख्यात प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स क्लार्क यांनी या झुकण्याला 'सलाम' आकडी म्हटले. पूर्वेकडून इंग्रजीत गेलेला अदबीचा एक शब्द असा एका तान्ह्या मुलाच्या यातनेला चिकटला. वेस्ट यांच्यापाशी कारण नव्हते, उपाय नव्हता. आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष वेधावे आणि कोणाला काही ठाऊक असल्यास कळावे, एवढाच पत्राचा हेतू. या आजारात मेंदूच्या आलेखावर दिसणारा विस्कळीतपणा 1952 मध्ये ओळखला गेला, आणि एसीटीएच या संप्रेरकाचा उपयोग होतो हे 1958 मध्ये पुढे आले. पत्रानंतर 117 वर्षांनी. आज हा आजार वेस्ट सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आमच्या मुलीचे झटके निरुपद्रवी निघाले, याचा अर्थ सर्व झटके निरुपद्रवी असतात असा नाही. वेस्ट यांनी वर्णिलेले झटके बहुधा तिसऱ्या ते आठव्या महिन्यांच्या दरम्यान सुरू होतात, मालिकेने येतात, अनेकदा मूल झोपेतून उठल्यावर येतात, आणि हसणारे, नजरेला नजर देणारे मूल हळूहळू विझू लागते. तेथे उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे. मूल जागे असताना असे काही दिसले, तर चित्रण करावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो, की अर्थ लावण्याची घाई करू नका, आधी संहितेत काय आहे ते पाहा. कवितेच्या बाबतीत घाई झाली तर फार तर एक निबंध बिघडतो. पाळण्यापाशी या शिस्तीची किंमत कळते. पण तिच्याकडून भलती अपेक्षा करण्यातही अर्थ नाही. वेस्ट यांनी आमच्याहून कितीतरी नेमके पाहिले, कितीतरी संयमाने लिहिले. त्यांचा मुलगा बरा झाला नाही. नेमके वर्णन मुलाला वाचवतेच असे नाही. ते एवढेच करते, की एका घरातली भीती दुसऱ्याला तपासता येईल अशा रूपात बाहेर पडते. टनब्रिजच्या त्या बापाने लिहून ठेवले म्हणून आमच्या डॉक्टरबाईंना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे ठाऊक होते.

मुलगी चार महिन्यांची होण्याच्या सुमारास झटके थांबले. नेमके कोणत्या रात्री, ते वहीत नाही; अमुक दिवशी काही दिसले नाही, अशा सलग अकरा नोंदी तेवढ्या आहेत. त्यानंतरची पाने कोरी आहेत.