तव्यावरचा थेंब

आज सकाळी घावनांसाठी बिडाचा तवा तापत ठेवला आणि सवयीने ओल्या बोटांनी पाण्याचा हबका मारला. थेंब चुर्र होऊन विरले नाहीत. मोत्यांसारखे गोल होऊन तव्यावर सैरावैरा पळू लागले. मी पीठ ढवळायचं विसरून बघत राहिले.

आई म्हणायची, "थेंब नाचायला लागले की तवा फार तापला, जरा थांब." त्या नाचामागचं कारण मला खूप उशिरा कळलं. पाणी १०० अंशांना उकळतं. तवा त्याहून थोडाच गरम असला, तर थेंब त्याला चिकटतो आणि बघता बघता आटतो. पण तवा साधारण २०० अंशांच्या पुढे गेला, की थेंबाच्या तळाची टेकता टेकताच वाफ होते. त्या वाफेची पातळशी गादी थेंबाला अधांतरी धरते. वाफेतून उष्णता सावकाश पोचते, म्हणून अधिक तापलेल्या तव्यावर थेंब अधिक जगतो!

जर्मनीतल्या लायडेनफ्रॉस्ट नावाच्या डॉक्टरने लालबुंद लोखंडी चमच्यात थेंब सोडून हे बारकाईने पाहिलं आणि १७५६ साली लिहून ठेवलं. हा परिणाम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

आईला हे नाव ठाऊक नव्हतं, पण थेंबाची भाषा तिला पक्की कळत होती. निरीक्षण तिचं, नाव त्याचं. आज माझ्या तव्यावर दोन्ही एकत्र आली.

मी गॅस बारीक केला. थोड्या वेळाने पुन्हा हबका मारला. चुर्र झालं. मग पहिलं घावन घातलं.