गुलाबावर मारलेली फुली



आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते आहे.

तिसरीच्या चाचणीत प्रश्न होता, 'कोणत्याही तीन वेलींची नावे लिहा.' एका मुलीने लिहिले होते – काकडी, कारले, गुलाब. गुलाबावर मी लाल पेनाने फुली मारली. पेपर वाटल्यावर ती टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, आजीच्या दारावर गुलाबाची वेल आहे. खरंच." मी म्हटलं, "अगं, ती बोगनवेल असेल." ती काही न बोलता जागेवर जाऊन बसली.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत पनवेलजवळच्या एका रोपवाटिकेत गेले, तर लोखंडी कमानीवर पांढऱ्या गुलाबांचे घोस! माळीदादा म्हणाले, "हा वेलगुलाब, मॅडम. दिल्ली व्हाइट पर्ल." पुढे वाचलं तेव्हा कळलं, ही जात डॉ. बी. पी. पाल यांची. ते गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक आणि गुलाबाचे वेडे!

रोप घरी आणलं. मोठी कुंडी, तळाला भोकं, माती आणि शेणखत. आमच्या गॅलरीत सकाळचं पाच-सहा तास ऊन येतं, तिथे ठेवलं. गुलाबाला काकडीसारखे गुंडाळणारे तंतू नसतात, तो स्वतःहून फार चढत नाही. आधाराला बांधावा लागतो. मी फांद्या ग्रिलला सरळ उभ्या बांधल्या. त्या भराभर वर गेल्या आणि फुलं आली ती फक्त शेंड्याला. कुंडी माझी, पाणी माझं, फुलं मात्र वरच्या मजल्यावरच्या काकूंना!

मग पावसाळा. आपल्याकडचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. पानांवर काळे ठिपके पडले, पानं पिवळी होऊन गळली. ती रोज वेचून टाकायची, कुंडीत कुजू द्यायची नाहीत, एवढंच हाती होतं. ऑक्टोबरमध्ये साध्या गुलाबाची करतात तशी खरपूस छाटणी केली. झालं! ते अख्खं वर्ष एकही फूल नाही.

शेवटी पुन्हा माळीदादांकडे गेले. ते हसले. "मॅडम, वेलगुलाब कापायचा नाही, वाकवायचा." फांदी उभी असली की शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच फांदी आडवी बांधली की खालचे डोळेही जागे होतात, आणि प्रत्येकातून फुलाची काडी येते. कापायच्या त्या फक्त वाळलेल्या, रोगट फांद्या. आणि कलमाच्या गाठीखालून फुटलेला जोमदार धुमारा दिसला तर तो मुळापासून काढायचा, कारण तो आपला गुलाब नसतोच.

जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्यांनी कोवळ्या फांद्या सैलसर, आडव्या बांधल्या. पुढच्या हिवाळ्यात गॅलरीचा कठडा पांढरा झाला.

आता खरी गोष्ट. रोपवाटिकेत कमान पाहिली, त्याच आठवड्यात मी त्या मुलीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. 'सांगू कधीतरी' म्हणत राहिले. ती पाचवीत गेल्यावर एक फूल घेऊन तिच्या वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझं उत्तर मी न विचारता चूक दिलं होतं. चूक माझी होती." ती लाजली. फांद्या आडव्या बांधल्यावर फूल आलं, हेही सांगितलं. तर म्हणते कशी, "आजी आडव्याच बांधते, बाई. पहिल्यापासून."

म्हणजे मी ज्यासाठी दोन वर्षं घालवली, ते उत्तर माझ्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसलं होतं!

आता वेलींचा पाठ मी वेगळा घेते. नावं पाठ करून घेत नाही. 'ती कशी चढते?' एवढंच विचारते. कारलं तंतूंनी धरतं, गोकर्ण खोडानेच पीळ घालतं, मनीप्लांट मुळांनी चिकटतं, गुलाब आणि बोगनवेल काट्यांनी अडकत दुसऱ्यावर रेलतात. मुलं घरून पाहून येतात, वाद घालतात, मजा येते.

तुम्हीही करून पाहा. आणि एखादं उत्तर विचित्र वाटलं, तर फुली मारण्याआधी एकदा विचारा, "कुठे पाहिलंस, बाळा?"